काका, एकदा बघून द्या

ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक सोसायटीत एक काका असे असतातच, की त्यांना बरोबर नेल्याशिवाय कुणी जुनी वस्तू विकत घेत नाही. बहुधा रेल्वेच्या वर्कशॉपमधून नाहीतर वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेले. स्कूटर, फ्रिज, पेटी, सगळ्याचा भाव जिभेवर. पेटी वाजवता येत नाही, पण भाता कुठे फाटलाय ते बोट ठेवून दाखवतील.

अलीकडे त्यांच्याकडे नवं खातं आलंय, विजेवर चालणाऱ्या कुंभाराच्या चाकाचं. लॉकडाऊनमध्ये कुणी पाव भाजले, कुणी चाकं घेतली. मग ऑफिसं सुरू झाली, सकाळची फास्ट लोकल पुन्हा मानगुटीवर बसली आणि चाक बाल्कनीत गेलं. त्यावर आधी तुळस आली, मग कांद्याची टोपली आणि शेवटी ‘विकणे आहे’. डोंबिवली पश्चिमेला तर कुंभारखाणपाडाच आहे. पत्त्यात जन्मभर कुंभार लिहिणाऱ्याला एकदा तरी चाक घ्यावंसं वाटणारच.

काका निघतात ते खिशात टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हर आणि पेन्सिल घेऊन. हातात काकूंनी दिलेली पिशवी, कारण येताना कोथिंबीर आणायची असते. पुढचा कार्यक्रम थेट कांदेपोह्यांचा. आधी चहा, मग मूळ गाव कुठलं, मुलं काय करतात. वस्तूकडे चुकूनही बघायचं नाही. बघितलं की भाव चढतो, हे त्यांचं ठाम मत. कप खाली ठेवला की मग सहज, “कुठाय ते?”

काकांना त्या चाकावर साधी पणती वळता यायची नाही, पण त्यांची तपासणी बघत राहावी. फिरत्या थाळीच्या कडेला पेन्सिलीचं टोक नुसतं टेकवतात. रेघ सगळीकडून सारखी उमटली तर थाळी सरळ. एकाच बाजूला उमटली तर ती डोलते, आणि डोलणाऱ्या थाळीवर माती काही धड मध्यावर बसत नाही. मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. त्या वेळी घरातला कुकरसुद्धा शिट्टी द्यायला कचरतो. आतून खरखर आली, तर समजायचं की चिखलाचं पाणी आत मुरलंय. त्यानंतर वेग कमी करून थाळी दोन्ही तळहातांनी दाबायची. मोटर घुसमटते का, पट्टा घसरतो का? रिकामं चाक कुणाचंही छान फिरतं, मातीचा मोठा गोळा दाबताना त्याची अब्रू कळते. आणि शेवटी टेस्टर. ओले हात आणि वीज यांची गाठ असल्यामुळे अर्थिंग नसेल तर फुकट दिलं तरी नको.

पण हे सगळं झालं हत्यारांचं काम. खरा भाव ते एका प्रश्नावर ठरवतात.

“का विकताय?”

“वेळच मिळत नाही हो” म्हणजे चाक फारसं वापरलेलंच नाही, चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. “आता मोठं घेतलंय” म्हणजे हे पार पिळून काढलंय. “घर बदलतोय” म्हणजे महिनाअखेरीस यावं, निम्म्यात मिळेल. आणि “चिखलानं पाइप तुंबला, सोसायटीची नोटीस आलीय” असं उत्तर आलं, की काका काहीच बोलत नाहीत. दुसरा चहा मागतात.

घासाघीस करताना त्यांना केंद्र सरकारही पुरतं. “२०२३ च्या सप्टेंबरात विश्वकर्मा योजना आली. अठरा धंदे आहेत त्यात, कुंभारही आहे. अवजारांना पंधरा हजारांपर्यंत मिळतात. आणि तुम्ही जुन्याचे सोळा मागता?” समोरच्या वहिनी बँकेत नोकरीला, योजनेशी त्यांचा काडीचा संबंध नाही. तरी त्या ओशाळून बारावर येतात.

एकदाच काकांची विद्या तोकडी पडली. घोडबंदर रोडच्या एका नव्या फ्लॅटच्या सजावटीसाठी काठीनं फिरवायचं जुनं लाकडी चाक एका दुकानात बघायचं होतं. लाकूड तडकलेलं, खालची खुंटी झिजून गेलेली. काकांनी मनातल्या मनात जळणाचा भाव काढला. दुकानदार म्हणाला, “वीस हजार.”

“अहो, पण हे फिरत नाही!”

“भिंतीवर लावायचंय, काका. फिरलं तर पडेल.”

काकांनी पेन्सिल खिशात ठेवली. चाकाला एक प्रदक्षिणा घातली, दुकानातल्या बाकीच्या बंद घड्याळांवरून आणि गंजलेल्या कंदिलांवरून नजर फिरवली. मग खुर्ची ओढून दुकानदाराजवळ बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “आमच्या माळ्यावर शिलाई मशीन आहे. अजिबात चालत नाही. किती येतील हो?”