हाताखालच्या माणसाला नाव कसे ठेवावे

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचे अंतर आहे. साहेबलोकांनी ते कापू नये, म्हणून हे मार्गदर्शन. पहिला नियम असा की, शब्द खानदानी निवडावा. उंचावरचाच चांगला घसरतो. 'नोकर' फारसीमार्गे आला, पण त्याचे मूळ मंगोल भाषेतले आणि अर्थ साथीदार. चंगीझखानाला आपणहून येऊन मिळालेले लढवय्ये त्याचे 'नोकर' होते. 'शिपाई' तर सरळ सैनिकच. तलवार गेली, चहाचा ट्रे आला. सर्वांत बोधप्रद घसरण 'हुजऱ्या'ची. अरबीत 'हुजूर' म्हणजे समक्ष असणे. त्यातूनच धन्याला 'हुजूर' म्हणू लागले, त्याच्याजवळ तिष्ठणारा हुजऱ्या झाला आणि त्याच घराण्यातली 'हजेरी' मस्टरवर जाऊन बसली. म्हणजे मुळात दोघांचे काम एकच, हजर राहणे. हुजुरांना ते जमेना, म्हणून हुजऱ्या ठेवावा लागला.

दुसरा नियम: शब्द सुचत नसेल तर वस्तूवरून नाव द्यावे. चपरास म्हणजे पट्ट्यावरचा बिल्ला, म्हणून चपराशी. नुसता पट्टा असेल तर पट्टेवाला. माणूस बदलला तरी पट्टा तोच, त्यामुळे नवे नाव पाठ करण्याचे कष्ट वाचतात.

तिसरा नियम: नाव मळले की बदलावे. केंद्र सरकारात सहाव्या वेतन आयोगानंतर शिपायाचा 'मल्टी टास्किंग स्टाफ' झाला. मराठीत यालाच 'हरकाम्या' म्हणतात, पण ते फुकट मिळते. कोणी म्हणेल, नावाने मान वाढतो. तसे असते तर 'साथीदार' या अर्थाच्या शब्दाची ही गत का झाली असती? शब्द आपण होऊन मळत नाहीत. ज्या सुरात हाक मारतो, तो सूर त्यांना चिकटतो. आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने 'ड' गट मोडून ती माणसे 'क' गटात घेतली, वेतन वाढवले, ही खरी बढती. पाटी नुसती रंगवली.

शेवटचा शब्द संस्कृतातला, 'किंकर'. त्याची परंपरागत व्युत्पत्ती अशी: 'काय करू?' असे जो विचारतो तो. हा मात्र जपून वापरावा. कोणती फाइल कुठल्या कपाटात आहे, कोणत्या टेबलावर ती अडते आणि कोणाला आधी भेटावे, हे शिपायाला पाठ असते. बदलून आलेले साहेब पहिल्या दिवशी त्याच्याकडेच बघून विचारतात, "आता काय करू?"