ट्रेमोलो-सुधारक

ट्रेमोलो-सुधारक हा हौशी गिटारवादकांतला एक उपप्रकार असून गिटारशी त्याचा संबंध जुजबी असतो. पेशाने तो बहुधा इंजिनिअर असतो आणि त्याला एकच कॉर्ड येते, ई मायनर. तिला डाव्या हाताची दोन बोटे पुरतात आणि एकदा तारा छेडल्या की सूर विरेपर्यंत उजवा हात नॉब फिरवायला मोकळा राहतो.

ट्रेमोलोचे काम साधे आहे. गिटारचा आवाज सेकंदातून काही वेळा लहानमोठा करायचा. स्वराला हात लावायचा नाही. 1955 साली बो डिडलीच्या रेकॉर्डवर हा थरथरता आवाज गाजला. पुढे फेंडर कंपनीने 1963 पासूनच्या अनेक अँप्लिफायरमध्ये निऑनचा लुकलुकता दिवा आणि त्याच्यासमोर उजेडाप्रमाणे रोध बदलणारा एलडीआर बसवला. सुधारक निऑनऐवजी एलईडी घेतो आणि दोघांना काळ्या नळीत कोंडतो. नऊ व्होल्टची बॅटरी, एक ऑप-अँप, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. एका रविवारी पेडल तयार होते आणि वाजतेही. बहुतेक माणसे इथे थांबतील.

सुधारक वेगापासून सुरुवात करतो. थरथर आणखी संथ हवी म्हणून 1 मायक्रोफॅरडच्या जागी 2.2 चा कपॅसिटर लागतो. तो पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. हवा असतो एक, पण एका कपॅसिटरसाठी पुडी कोण बांधणार, म्हणून दहा येतात आणि उरलेले नऊ पुढच्या सुधारणांना जन्म देतात. मग पेडल लावल्यावर आवाज दबतो असे वाटून शेवटाला एक ट्रान्झिस्टर येतो. मग लहरीचा आकार बदलणारा स्विच, त्रिकोणी की चौकोनी. एलडीआर मुळात आळशी. उजेड गेला तरी त्याचा रोध सावकाश चढतो, त्यामुळे चौकोनाचे कोपरे आपोआप झिजतात आणि फरक फारसा उरत नाही. सुधारकाला मात्र तो ऐकू येतो.

खरे आयुष्य जाते टिकटिकीत. एलईडी लागताना पुरवठ्याला हिसका बसतो, तो सिग्नलमध्ये शिरतो आणि गिटार गप्प असली तरी घड्याळ चालूच राहते. उपाय ठरलेले आहेत: थरथर घडवणाऱ्या ऑसिलेटरच्या पुरवठ्याच्या वाटेवर 100 ओहमचा रेझिस्टर व 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ग्राउंडची तार वेगळी, टीएल072 च्या जागी कमी वीज खाणारा टीएल062. सगळे एकदम केले तर बहुधा एका संध्याकाळी भागते. सुधारक शास्त्रीय वृत्तीचा असल्याने एका वेळी एकच करतो. टिकटिक गेलीच, तर नेमकी कशाने गेली हे कळावे म्हणून एकेक उपाय काढूनही बघतो.

पेडलची पेटी स्वयंपाकघरातून येते. स्टीलच्या डब्याला भोके पाडताना ड्रिलची पाती बोथट होतात. झाकणावर कोरलेले ‘शकूमावशीकडून सप्रेम’ शाबूत राहते.

सुधारणा साधली की नाही, याचा निवाडा घरच्यांकडे. दोन आवाज ऐकवले जातात आणि वडील पेपरातून मान वर न करता म्हणतात, “पहिला बरा होता.” पहिल्या वेळी पेडल बंद होते. यावरून पेडल बंद असताना आवाज जसाच्या तसा पुढे नेणारे आपले बायपासचे वायरिंग निर्दोष आहे, असा निष्कर्ष सुधारक काढतो आणि तसे वहीत टिपून ठेवतो.