विकायच्या घराचं पीओपी

घर विकायचं ठरलं की मालकाला त्या घराची पहिल्यांदाच माया येते. वर्षानुवर्षं मोरीतला नळ गळत असतो, त्याखाली बादली असते आणि बादली भरली की घरातलं कोणीतरी ओरडत असतं. आता गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर हजर! बायकोनं लग्नापासून मागितलेला ग्रॅनाइटचा ओटा अखेर बसतो, तोही दुसऱ्याच्या बायकोसाठी.

जळगावात महाबळपासून पिंप्राळ्यापर्यंत आणि धुळ्यात देवपुरापासून साक्री रोडपर्यंत साथ एकच. हॉलला पीओपी, पीओपीत निळे दिवे, टीव्हीमागं वॉलपेपर आणि गेटच्या भाल्यांना सोनेरी रंग. का, तर "दोन लाख घालू, पाच लाख वर मागू." मागायला काय, कोणीही काहीही मागतं.

नवल याचं, की हा हिशेब मांडणारा सोन्याच्या गावचा असतो. सराफ बाजारात मोड घालायला गेलं की वजनाचा भाव मिळतो, मजुरी कोणी परत देत नाही, हे जळगावात शाळकरी पोरीलाही कळतं. मोडीला न्यायच्या पाटलीवर कोणी नवी नक्षी काढून घेत नाही. घराला मात्र आपण हौसेनं काढतो.

बरं, घर बघायला येतं कोण? घेणारा, त्याची आई, त्याचा मेहुणा आणि ओळखीचा मिस्त्री. घेणारा पीओपी बघून मान डोलावतो. त्याचं मत कोणी विचारत नाही. मेहुणा भाव पाडण्यापुरताच आलेला असतो. भीती बाळगायची ती उरलेल्या दोघांची.

मिस्त्री बोलत नाही. बोटाच्या पेरानं भिंत वाजवत कोपऱ्यात जातो आणि विचारतो, "पुट्टी कधी मारली?" एवढ्यात सगळं आलं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया कच्चा असला तर भिंतीला तडा देते. दिवाळीत बुजवलेला तडा वैशाखात पुन्हा तोंड उघडतो. लोणा लागलेल्या भिंतीचंही तेच: ओल तशीच ठेवून वरून कितीही भारी रंग मारा, पापुद्रे सुटणारच. म्हणून ताजा रंग दिसला की मिस्त्री खूश होत नाही, सावध होतो. रंग मारायचाच तर सगळ्या घराला एकसारखा, फिका मारा. एकच भिंत रंगवलीत तर लपवालपवी कुठं आहे ते तुम्हीच बोट दाखवून सांगितलंत.

आई दिव्यांकडं बघतही नाही. गुडघे धरत थेट गच्चीवर. तिथं मालकानं मोठ्या अभिमानानं पत्र्याची शेड ठोकलेली. "मग बिबडे कुठं वाळवायचे?" मालक गप्प. मेमध्ये जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो. त्या उन्हाला आपण वर्षभर शिव्या घालतो, पण पापड, कुरडया, बिबडे त्याच उन्हावर तर होतात. मालकानं पैसे मोजून नेमकं तेवढंच ऊन झाकलं. शेडला परवानगी घेतली होती का, हे मेहुणा खाली उतरताना विचारतो.

तोच पैसा गच्चीच्या कोब्यात घातला असता तर? पाण्याचा उतार नीट, पन्हळ मोकळी, स्लॅबला डाग नाही. गळक्या स्लॅबचा एक पिवळा डाग भावातून जेवढं खातो, तेवढं दहा निळे दिवे मिळवून देत नाहीत.

आणि पाणी. धुळ्यात नळ किती दिवसांआड येतो यावर गाव सुखदुःख मोजतं. तिथं गिऱ्हाईक मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्या ओढून बघत नाही. चप्पल काढायच्या आधी विचारतं, "बोअरले पानी शे का?" मोटर लावून धार दाखवा, हौदाचं झाकण उघडून दाखवा, अर्धं घर तिथंच विकलं. गळके नळ बदला, वायरिंगची लोंबकळणारी वेटोळी आवरा, खिडक्यांच्या कड्या लागतील असं बघा. हे स्वस्त आहे, म्हणून कोणी करत नाही.

काही गोष्टी तर तुमच्या हातातच नाहीत. धुळ्याच्या जुन्या पेठेत घर विचारलं की पहिला प्रश्न गल्ली नंबर किती. त्या सरळ गल्ल्या कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखल्या. गल्लीत गाडी वळते की नाही, हे तेव्हाच ठरलंय. गेटला सोनेरी रंग देऊन गल्ली रुंद होत नाही.

"पण खर्च टॅक्समध्ये वजा होतो ना?" होतो की. घर विकून झालेल्या नफ्यातून सुधारणेचा खर्च वजा मागता येतो, पण त्याला पुरावा लागतो आणि तो खर्च खरोखर सुधारणेचा असावा लागतो. नुसती रंगरंगोटी आणि डागडुजी तिथं चालवून घेतील या भरवशावर राहू नये. आपला पीओपीवाला बिल देतो ते वहीच्या फाटक्या पानावर, खाली सहीऐवजी चहाचा डाग. 23 जुलै 2024 पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर महागाईची सूट न घेता 12.5 टक्के कर आहे. घर त्याआधी घेतलेलं असेल तर सूट घेऊन 20 टक्क्यांचा जुना हिशेबही माणसाला लावून बघता येतो. सीएची फी भरून हा हिशेब करून घेतला तर ती फी वॉलपेपरपेक्षा नक्की कामी येते.

मात्र सौदे मोडतात ते भिंतीपायी कमी, कपाटातल्या पिशवीपायी जास्त. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबा जिवंत. बँकेचं कर्ज केव्हाच फिटलं, बोजा तसाच. प्लॉट गुंठेवारीतला, नियमित करून घ्यायचं "बघू" म्हणत राहिलं. वाढवलेली खोली नकाशात नाही. घरपट्टीच्या पावतीवर तिसऱ्याच कोणाचं नाव. घेणाऱ्याला कर्ज देणारी बँक पीओपी बघत नाही, ही पिशवी बघते. तलाठी, सिटी सर्व्हे, महापालिका अशा चकरा मारायला वेळ जातो, घाम जातो आणि शेजाऱ्यांना दाखवायला काही मिळत नाही. मग माणूस पुन्हा पीओपीवाल्याला फोन लावतो.

त्या पिशवीत सगळ्यात अवघड कागद बहिणीचा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात 1994 ला मिळाला, देशभर 2005 ला. पण भावाला त्याची आठवण येते ती इसार घेतल्यावर. मग मुहूर्त ठरतो आखाजीचा. लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, आमरस-पुरणपोळीचं जेवण झालेलं. भाऊ हळूच कागद पुढं सरकवतो: "ताई, इथं जरा सही. नुसती फॉर्मॅलिटी." वकिलाच्या भाषेत त्या फॉर्मॅलिटीला हक्कसोडपत्र म्हणतात. ताई वर नव्या पीओपीकडं बघते, निळे दिवे मोजते आणि विचारते, "पन घर कितलामा जाई राहिनं, भाऊ?"