सतरंजीचं सक्षमीकरण

नेवाशासारख्या गावात चर्चच्या आवारातल्या बालवाडीला दोन सतरंज्या, थोडे ठोकळे आणि मुलांच्या उंचीचं एक बेसिन हवं असतं. पण एवढंच लिहिलं तर अनुदान मिळत नाही. सतरंजीचा आधी ‘बालस्नेही अध्ययन-अवकाश’ करावा लागतो. मग तिच्यामुळे पाच वर्षांत मोजता येणारा कोणता बदल घडेल, तो रकाना. लाभार्थी तीन वर्षांचा. सध्याचा मोजता येणारा बदल असा, की तो चड्डी स्वतः काढतो. घालत मात्र नाही.

‘उपक्रम धार्मिक आहे का?’ हा प्रश्न तर हमखास. तेव्हा भिंतीवरचं नोहाचं तारू अर्जात ‘प्राणी-परिचय’ होऊन येतं.

मग कागद. नोंदणी, लेखापरीक्षण, करसवलतीची प्रमाणपत्रं. कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी हवा तर २०२१ पासून सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म. परदेशातल्या एखाद्या मंडळीने प्रेमाने काही पाठवायचं म्हटलं तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरणार. ठोकळे नेवाशात, खातं दिल्लीत! शिवाय त्या पैशातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. म्हणजे एवढे कागद भरणारं माणूस फुकटच हवं. त्या बहुधा पाळकीणबाई असतात. रांगोळीपासून ताळेबंदापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात.

देणगीदारांना विनंती एकच: रक्कम वीस हजारांची असेल, तर अर्ज वीस पानांचा ठेवू नका.