लुगड्यासकट गोठा

पुण्यातली नोकरी सोडून मी कोल्हापूरजवळ म्हशींचा गोठा घेतला, तेव्हा यादी पक्की केली होती. सहा मुऱ्हा म्हशी, कडबाकुट्टी, चरव्या, दावी, अगदी खुंटेसुद्धा मोजून लिहून घेतले. जुने मालक तात्या खुंट्याखुंट्याला इतिहास सांगत होते. त्यांचे आजोबा गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या पेल्यात धार काढून द्यायचे. १९६३ साली गोकुळ संघ स्थापन झाला, मग गावात संस्था निघाली आणि वडिलांनी कट्टा सोडून कॅन धरला. तिसऱ्या पिढीचे तात्या. चौथी पिढी पुण्यात संगणकापुढे. मी तिथून आलो, ती तिथे गेली. मला हा शुभशकुन वाटला.

पहिल्या पहाटे आंबोण ठेवलं, कास धुतली, चरवी गुडघ्यांत धरली. थोरलीने मान वळवून मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पान्हा चोरला. तिचं बघून बाकीच्या पाचजणींनीही चोरला. माझं वाचन दांडगं. ऑक्सिटोसिन सुटल्याशिवाय दूध उतरत नाही, जनावर बिचकलं की ते अडतं, म्हशीच्या कासेत लगेच हाताला लागेल असं दूध जेमतेम पाच टक्के. हे सगळं तिला समजावलं. तिने शेणाने माखलेल्या शेपटीने माझ्या तोंडावर पोच दिली.

सहा म्हशींचं मिळून लिटरभर दूध संस्थेत नेलं. फॅट लागली चार. म्हशीला सहा तरी हवी. सचिवांनी चष्म्यावरून बघितलं. "सायेब, पयल्याच दिवशी पाणी?" खरी फॅट शेवटच्या धारांत असते आणि त्या कासेतच राहिल्यात, हे सांगेपर्यंत रांग हसून बेजार.

तात्यांना फोन लावला. काकींनी घेतला. "अवो, धार मीच काढत हुते. माझं हिरवं लुगडं नेसून बसा. वास वळखत्यात त्या."

लुगडं यादीत नव्हतं! ते काकींबरोबर पुण्याला गेलेलं. बदल्यात त्यांना नवी इरकल द्यावी लागली. "म्हशीपायी इरकल निघते होय," बायको म्हणाली. दोन घ्याव्या लागल्या.

आता रोज पहाटे अर्ध्या चड्डीवर लुगडं गुंडाळून, पदर घेऊन बसतो. फॅट साडेसहा लागते. सातबाऱ्यावर माझं नाव चढलंय, संस्थेच्या पुस्तकावर अजून काकींचंच आहे. सचिव बदलून द्यायला तयार आहेत, मीच थांबलोय. उगाच थोरलीच्या कानावर गेलं तर?