दोर कोण धरतंय?

सुळका बुधवारी ठरतो. गुरुवारपर्यंत ग्रुपवर नावं येतात, शुक्रवारी रात्री दादरहून नाहीतर शिवाजीनगरहून गाडी सुटते. दोर कोण धरणार, हे मात्र शनिवारी सकाळी सुळक्याच्या पायथ्याशी ठरतं, आणि तेही उरलेल्या माणसावर. ज्याचा गुडघा दुखतोय, ज्याला आज चढायचा मूड नाही, जो पहिल्यांदाच आलाय, त्याच्या हातात बिलेचा दोर येतो. वर जाणाऱ्याचा जीव त्याच हातात असतो. मला या पद्धतीचा राग आहे.

हिवाळा हा सह्याद्रीतल्या प्रस्तरारोहणाचा हंगाम. माहुलीचा वजीर, जीवधनशेजारची वानरलिंगी, रायगडासमोरचा लिंगाणा, ढाकजवळचा कळकराय, तैलबैल्याच्या दोन भिंती. डिसेंबर-जानेवारीत यांपैकी कुठेही शनिवारी जा, तुमच्याआधी कुणाचा तरी दोर लागलेला असतो. याचा मला आनंद आहे. आठवडाभर खुर्चीत बसणारी पोरं दोन दिवस कातळाला हात लावतात, गावात पिठलं-भाकरी खाऊन मामांच्या ओसरीवर झोपतात, यापेक्षा चांगला शनिवार मला ठाऊक नाही. म्हणूनच त्यांना विचारतो. सुळका किती फूट, हे तुम्ही विचारलंत. बूट कुठले घ्यायचे, हेही विचारलंत. खाली कोण उभा राहणार, हे विचारलंत का?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लीड करणारा कंबरेला दोर बांधून वर जातो, वाटेत कातळातल्या बोल्टला किंवा पेगला दोर अडकवत जातो. खालचा बिलेअर त्याला लागेल तेवढा दोर सोडतो आणि तो सुटला तर पकडतो. शेवटच्या बोल्टच्या वर ३ मीटर गेलेला माणूस सुटला, तर तो ६ मीटर पडतो. शिवाय दोराचा ताण आणि खालच्याने दुर्लक्षाने सोडून ठेवलेला ढिला दोर. हा ढिला दोर तेवढा बिलेअरच्या हातात असतो.

आपल्याकडे तो जास्तच मोजून सोडावा लागतो, आणि याचं कारण आपला दगड आहे. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. घट्ट बेसॉल्टची उभी भिंत, मग मऊ थर झिजून झालेली गवताची पट्टी, मग पुन्हा भिंत. पडणारा माणूस हवेत लोंबकळत नाही, तो खालच्या पट्टीवर आदळतो. पुण्या-मुंबईचे क्लाइंबर हिवाळ्यात बदामीला जातात. तिथल्या वालुकाश्माच्या सरळ भिंतीवर, भरवशाच्या बोल्टच्या वाटेवर, हातभर ढिला दोर बऱ्याचदा निभावून जातो. इथे त्याच हातभराने घोटा मोडतो. शिवाय इथला दगड सुटतो. वरून ‘दगड!’ अशी हाक आली की बिलेअरला भिंतीला चिकटायचं असतं आणि तरीही दोर सोडायचा नसतो. या जागी तुम्ही काल रात्री गाडीत ओळख झालेल्या माणसाला उभं करता.

आणखी एक हिशेब आहे, तो प्रत्येक लीडरला पाठ हवा. पडलेली लांबी भागिले बाहेर असलेल्या दोराची लांबी, याला फॉल फॅक्टर म्हणतात. वर २० मीटर दोर गेलेला असताना ६ मीटर पडलात तर भागाकार ०.३ येतो. तेवढा दोर ताणला जातो, धक्का गिळतो, शिव्या देत तुम्ही पुन्हा चढता. पण मधल्या स्टेशनवरून, म्हणजे भिंतीवरच जिथे थांबून बिलेअर दोर धरतो तिथून, निघून ३ मीटर गेलात, मध्ये काहीच अडकवलं नाही आणि सुटलात, तर पडणार तेच ६ मीटर, धक्का गिळायला दोर मात्र ३ मीटर. भागाकार २. लीड करताना याहून वाईट आकडा नाही. म्हणून स्टेशन सोडल्यावर पहिला बोल्ट लवकर अडकवायचा. बिलेअरने ते बघायचं आणि नसेल केलं तर ओरडून सांगायचं. उरलेला माणूस ओरडत नाही, कारण काय बघायचं हेच त्याला माहीत नसतं.

‘आम्ही अनुभवी आहोत’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. लिन हिल हे नाव माहीत असेल. १९९३ साली योसेमिटीतल्या एल कॅपिटनची ‘द नोज’ ही वाट पहिल्यांदा फ्री, म्हणजे दोर फक्त पडण्यापुरता ठेवून, चढली ती हीच बाई, आणि पुढच्याच वर्षी एका दिवसात पुन्हा चढली. त्याच्या आधी, १९८९ मध्ये, फ्रान्समधल्या ब्युऊ इथे ती एक वाट चढून वर पोचली, खाली उतरवून घ्यायला मागे झुकली, आणि साधारण २२ मीटर खाली कोसळली. हार्नेसला बांधायची गाठ तिने सुरू केली होती, पुरी केली नव्हती. मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं. झाडाने अडवलं म्हणून ती वाचली. जगातल्या सगळ्यात चांगल्या क्लाइंबरपैकी एक, आणि चूक पहिल्या दिवशी शिकवतात त्या गाठीची. ही चूक पकडायला लागतात पाच सेकंद आणि समोर उभं असलेलं दुसरं माणूस.

माझी गोष्ट सांगतो. तैलबैल्याच्या पायथ्याशी, थंडीत, बोटं बधिर झालेली. जुन्या पद्धतीचा हार्नेस होता, बकलमधून पट्टा एकदा ओवून परत उलटा घ्यावा लागायचा. मी उलटा घेतला नव्हता. दोर बांधून, कॅराबिनर लावून, पहिल्या होल्डवर हात टाकलेला. जोडीदाराने मागून कमरेचा पट्टा पकडून मला खाली ओढलं. काही बोलला नाही, नुसतं बकलवर बोट ठेवलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांना हात लावून तपासल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलत नाही: बकल, गाठ, बिले डिव्हाइसमध्ये दोर बरोबर शिरलाय का, स्क्रू बंद आहे का. शेवटच्याचं महत्त्व कॅराबिनरच्या अंगावरच छापलेलं असतं. गेट बंद असताना तो २० किलोन्यूटन किंवा जास्त भार घेतो, उघडा असताना जेमतेम ७-८. तोच तुकडा, तोच धातू. स्क्रू फिरवला की नाही एवढाच फरक.

आता दोर. बिलेअरनंतर दुसरा प्रश्न: हा दोर कुणाचा आणि त्याने आजवर काय काय पाहिलंय? लीडला डायनॅमिक दोर लागतो, तो ताणला जातो म्हणून माणूस वाचतो. यूआयएए या गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणीत ८० किलोचं वजन त्यावर पुन्हा पुन्हा पाडतात. निदान ५ वेळा दोर तुटता कामा नये आणि पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरायचा, स्टॅटिक दोर यासाठी बनवलेलाच नसतो. तो मुद्दाम कमी ताणला जातो. त्यावर लीड करून पडलात तर दोर कदाचित टिकेल, कंबर आणि बोल्ट टिकतील याची खात्री नाही. नवख्याला दोन्ही दोर सारखेच वाटतात, म्हणून त्याला ओळखायला शिकवायचं. ‘चालतंय रे, मजबूत आहे’ म्हणून स्टॅटिकवर लीड करणारे मी पाहिलेत. त्यांच्यासोबत चढू नका. भांडण झालं तरी चालेल, मैत्री तुटली तरी चालेल.

पट्टे आणि स्लिंग यांचंही तेच. ऊन नायलॉन खातं. टॉड स्किनर अमेरिकेतला मोठा क्लाइंबर, अवघड भिंती फ्री चढणारा. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये योसेमिटीत रॅपल करताना त्याच्या हार्नेसचा बिले लूप तुटला आणि तो गेला. लूप झिजलाय हे त्याला माहीत होतं, नवा हार्नेस मागवलेला होता. तो यायच्या आधीच हा दिवस आला. सुळक्याच्या माथ्यावर बोल्टला गुंडाळलेल्या, रंग उडालेल्या पट्ट्या दिसल्या की मला हा दिवस आठवतो. त्या पट्ट्यांवर उतरायचं नाही. आपली स्लिंग सोडून या. आपल्या शनिवारच्या जेवणापेक्षा ती महाग नाही. बोल्टही चार महिने पावसात असतात, हे विसरू नका. गंजाची तांबडी रेघ दगडावर उतरलेली दिसली की तो बोल्ट मोजायचा नाही.

सगळ्यात जास्त राग येतो तो मोठ्या बॅचच्या रॅपलिंगचा. एका अँकरवर तीस माणसं उतरवायची, वर एक दमलेला लीडर, आणि खाली दोराच्या शेपटाशी एक पोरगा. त्या पोराचं काम काय, तर वरून येणाऱ्याचा हात सुटला की दोर जोरात खाली ओढायचा, म्हणजे डिसेंडर आवळतो आणि माणूस थांबतो. साधं, भरवशाचं काम. पण त्याचे दोन्ही हात दोरावर आणि डोळे वर हवेत. मी गेल्या हंगामात पाहिलं त्या पोराच्या एका हातात मोबाइल होता, उतरणाऱ्या मैत्रिणीचा व्हिडिओ चालला होता. मी तो फोन त्याच्या हातातून काढून घेतला. तो चिडला. चिडू दे. २०१९ मध्ये मेक्सिकोतल्या एल पोत्रेरो चिकोत ब्रॅड गोब्राइट हा नावाजलेला क्लाइंबर उतरताना गेला. दोराच्या टोकाला गाठ नव्हती, तो दोराबाहेर निघून गेला. त्याच्यासारख्याचं जर असं होतं, तर तिसाव्या माणसापर्यंत लक्ष टिकेल असं आयोजकांनी कशावरून धरलं? लोकांचे पैसे घेता, तर माणसं कमी न्या.

‘मग जोडीदार आणायचा कुठून?’ हा प्रश्न मात्र खरा आहे. तो सुळक्यावर मिळत नाही. आधी मुंब्र्याच्या कातळावर, शहरातल्या वॉलवर, दर मंगळवारी संध्याकाळी, महिना दोन महिने एकाच माणसासोबत घालवा. त्याला मुद्दाम न सांगता सुटून बघा, अर्थात जमिनीपासून चांगलं वर, बोल्ट अडकवलेला असताना आणि त्याच्यामागे दुसरा जाणता दोर धरून उभा असताना. तो पकडतो का, किती घाबरतो, नंतर काय बोलतो. मी ज्या संस्थेत शिकलो तिथे पहिला अख्खा हंगाम आम्हाला लीड मिळायचं नाही, फक्त दोर धरायचा. तेव्हा वैताग यायचा. आज वाटतं, त्या हंगामात जेवढं शिकलो तेवढं उत्तरकाशीच्या गिर्यारोहणाच्या २८ दिवसांच्या बेसिक कोर्समध्येही शिकलो नाही.

आणि बोलणं आधी ठरवा. वाऱ्यात वरचा आवाज खाली येत नाही. ‘सोडलं’ असं ऐकू आलं, पण काय सोडलं? वरचा म्हणतोय मला उतरवून घे, खालचा समजतो तो रॅपल करून येणार, आणि डिव्हाइसमधून दोर काढतो. अनुभवी जोड्यांमध्येही असे अपघात झालेत. माथ्यावर काय करायचं ते पायथ्याशीच ठरवायचं, आणि दोर किती वेळा ओढला म्हणजे काय, हेही. एकदा ठरलं की वर गेल्यावर बदलायचं नाही.

गेल्या रविवारी मी आणि माझ्या जोडीदाराने आमचा जुना दोर कापला. ६० मीटर, दहा वर्षांचा. बनवणारे सांगतात, नुसता पडून असला तरी याहून जास्त वापरू नये. आमचा तर पडूनही नव्हता. वानरलिंगीच्या कडेला घासलेला, एका उन्हाळ्यात टाकीच्या पाण्यात भिजलेला, आणि माझ्या दोन पडण्या त्याच्या पोटात. अख्खा ठेवला तर कुणीतरी न विचारता वापरेल, म्हणून हातभराचे तुकडे केले. सुरी बोथट, कवच घट्ट, दुपार गेली. मधे मधे तो एखादा तुकडा हातात घेऊन ‘हा कळकराय’ म्हणायचा. अगदी शेवटचा, सहा हातांचा तुकडा त्याने कापलाच नाही. त्याची मुलगी आता आठवीत आहे, तिला गाठी शिकवायच्यात.