सब्जेक्ट टू खामगाव

चाकणच्या किंवा सातपूरच्या कारखान्यात परचेसला चिकटून बरीच वर्षं झाली, व्हेंडरांच्या मुलांच्या मुंजींपर्यंत ओळखी वाढल्या, आणि मग एचआरला अचानक आठवलं की बढतीसाठी सर्टिफिकेट लागतं. अशा वेळी माणूस सिप्सकडे वळतो. सिप्स म्हणजे ब्रिटनची चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ प्रोक्युअरमेंट अँड सप्लाय. वाटाघाटी, व्हेंडर रेटिंग, जोखीम वगैरे प्रकरणं 'हे तर रोजचंच' म्हणत झरझर उलटली जातात. पुढे कराराचा कायदा येतो, त्यात ज्युरिस्डिक्शन येतं, आणि परीक्षार्थी चहा टाकायला उठतो. तो परत येऊन बसावा, एवढ्याचसाठी हे मार्गदर्शन.

पूर्वतयारी म्हणून घरातलं कोणतंही बिल काढावं. फर्निचरचं चालेल, मंगल कार्यालयाचं उत्तम. सगळ्यात खाली, 'ई अँड ओई'च्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत 'सब्जेक्ट टू पुणे ज्युरिस्डिक्शन' असेल. हे कोणी ठरवलं, असं दुकानदाराला विचारू नये. प्रेसवाल्याने आधीच्या गिऱ्हाइकाचा मजकूर तसाच ठेवून फक्त नाव बदललं असण्याचा दाट संभव आहे, आणि दुकानदाराला ते आपल्याकडूनच प्रथम कळेल.

आता वही उघडून तीन प्रश्न लिहावेत. तंट्याला कायदा कुठला लागणार? खटला कुठे चालणार? जिंकलो तर पैसे कुठून निघणार? नवशिका तिन्हींपुढे 'पुणे' लिहितो. इंग्लंडचा कायदा लागू असलेल्या कराराचा खटला पुण्याच्या न्यायालयातही चालू शकतो. फक्त तिथे इंग्लंडचा कायदा काय आहे हे तज्ज्ञाच्या साक्षीने सिद्ध करावं लागतं. म्हणजे आपला कायदा न्यायाधीशांना ठाऊक असतो आणि साहेबाचा साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून येतो. दीडशे वर्षं उलट चाललं होतं, त्यामुळे हे वाचताना थोडं बरं वाटलं तर वाटू द्यावं.

उत्तरपत्रिकेत 'ब्रिटिश कायद्यानुसार' असं चुकूनही लिहू नये. इंग्लंड आणि वेल्स मिळून एक न्यायक्षेत्र, स्कॉटलंड दुसरं, उत्तर आयर्लंड तिसरं. इंग्लंडमध्ये मोबदल्याशिवाय साधा करार उभा राहत नाही. स्कॉटलंडमध्ये मोबदला लागत नाही, नुसतं वचनही बांधून घेऊ शकतं. करारभंगाचा दावा लावायला इंग्लंडमध्ये 6 वर्षं मिळतात, स्कॉटलंडमध्ये 5. आपल्याकडे 1963 च्या मुदतीच्या कायद्याने 3 वर्षं. आपल्याकडे एवढा उरक अपेक्षित असतो, हे वाचून परीक्षार्थीने गोंधळू नये. ही मुदत फक्त दावा लावण्याची आहे.

यानंतर खामगावला यावं.

पुस्तकात 1818 चा अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेल हा लोकरीचा खटला असतो: स्वीकाराचं पत्र पेटीत पडलं की करार झाला. इंग्लंडच्या लोकरीत आपला जीव रमत नसेल, तर सरकीच्या पेंडीने सुरुवात करावी. 22 जुलै 1959 रोजी खामगावची एक जिनिंग फॅक्टरी आणि अहमदाबादची एक पेढी यांच्यात ट्रंक कॉलवर पेंडीचा सौदा झाला. पेंड काही गेली नाही. पेढीने 31,150 रुपयांचा दावा लावला, तोही अहमदाबादला. खामगावकरांचं म्हणणं असं की, आम्ही 'हो' म्हटलं ते खामगावात बसून, सबब करार खामगावात झाला. आम्हाला अहमदाबादला का बोलावता? वरकरणी मुद्दा बिनतोड आहे. 'हो' ज्या तोंडातून निघाला ते तोंड बुलढाणा जिल्ह्यात होतं.

अडचण अशी की, आपला कराराचा कायदा 1872 चा आणि बेलच्या टेलिफोनचं पेटंट 1876 चं. कायदा लिहिणाऱ्यांनी पत्राचा विचार केला होता, तारेची कल्पना होती, पण 'हॅलो, ऐकू येतंय का?' हे त्यांच्या गावीही नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1965 मध्ये बहुमताने निकाल लागला: फोनवर स्वीकार जिथे ऐकला जातो तिथे करार होतो. म्हणजे अहमदाबाद. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं मत वेगळं पडलं. त्यांना कायद्याचे शब्द फोनलाही पुरेसे वाटले आणि करार खामगावचाच वाटला. भगवानदास केडिया खटला म्हणून तो आजही शिकवतात. पेंड का दिली नाही हा प्रश्न या निकालात नाहीच, हे परीक्षार्थीने अधोरेखित करून ठेवावं. सहा वर्षं गेली ती भांडण कुठल्या गावात करायचं हे ठरवण्यात.

या खटल्यावरून व्यवहारात उतरवण्याजोगा नियम निघतो. समोरच्याची ऑफर स्वीकारायची असून खटला आपल्या गावात हवा असेल, तर पोस्टाने कळवावं. फोन केला की गाव हातचं गेलं. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून पीओ पक्की करतात. त्यांनी 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 13 पाहून ठेवावं. दुसरं काही ठरलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक संदेश पाठवणाऱ्याच्या धंद्याच्या जागेहून निघाला आणि घेणाऱ्याच्या धंद्याच्या जागी पोचला असं धरतात. त्यामुळे महाबळेश्वरला सुट्टीवर असताना 'ओके' पाठवून करार महाबळेश्वरचा होत नाही.

'केवळ' या शब्दासाठी एक स्वतंत्र संध्याकाळ राखून ठेवावी. 1989 च्या एबीसी लॅमिनार्ट खटल्यात 'तंटा कैरा न्यायक्षेत्राच्या अधीन' एवढंच लिहिलं होतं, 'केवळ' नव्हतं. दावा लागला होता सेलमला, आणि सर्वोच्च न्यायालयाने सेलमचाही दरवाजा उघडा ठेवला. 2013 च्या स्वस्तिक गॅसेस खटल्यात करारात कोलकात्याचं नाव होतं, 'केवळ' तिथेही नव्हतं. त्याच न्यायालयाने सांगितलं की नाव घेतलं याचाच अर्थ बाकीची बाद. दोन्ही निकाल पाठ करावेत आणि क्लॉज लिहिताना दोन्ही विसरून 'केवळ' घालावं. शाईला फार पैसे पडत नाहीत.

क्लॉज लिहिताना हौस मात्र आवरावी. व्हेंडर नाशिकचा, आपण नागपूरचे, माल चंद्रपूरला उतरणार, आणि डिसेंबरात तारीख पडली तर बरं म्हणून 'पणजी' लिहिलं, तर ते टिकणार नाही. ज्या न्यायालयाला मुळात अधिकार नाही त्याला तो दोन पक्ष मिळून देऊ शकत नाहीत, हे 1971 च्या हाकम सिंग खटल्यात ठरलं आहे. अधिकार असलेल्यांतून निवड करता येते. त्यांची यादी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 मध्ये: प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा दाव्याचं कारण पूर्णतः वा अंशतः घडलं तिथे.

माल परदेशातून येत असेल तर पीओवर 'एफओबी' लिहून निश्चिंत होणारे सापडतात. इन्कोटर्म्स खर्च आणि जोखीम कुठे हस्तांतरित होते ते सांगतात. कायदा, न्यायालय, मालकी यांबद्दल ते मौन पाळतात. जर्मन व्हेंडरला 'जर्मनीचा कायदा' मान्य करताना एक ध्यानात ठेवावं. मालविक्रीबाबतचा 1980 चा व्हिएन्ना करार जर्मनीच्या कायद्याचाच भाग आहे आणि स्पष्ट वगळला नाही तर तो मागच्या दाराने आत येतो. भारत त्यात नाही. ब्रिटनही नाही, त्यामुळे इंग्लंडचा कायदा निवडणाऱ्याला या पाहुण्याची भीती नाही.

राहिला तिसरा प्रश्न, पैशांचा. इथे परीक्षार्थी दमलेला असतो आणि दोन ओळींत आटपतो, म्हणूनच इथे मन लावावं. इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयाचा पैशांचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली आपल्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीला आणता येतो; संयुक्त अरब अमिरातींचाही, 2020 च्या अधिसूचनेपासून. लवादाचे निवाडे 1958 च्या न्यूयॉर्क कराराच्या वाटेने येतात, आणि म्हणून अनुभवी परचेसवाले परदेशी व्यवहारात न्यायालयापेक्षा लवाद पसंत करतात. अमेरिकी न्यायालयाच्या हुकूमनाम्याला मात्र 44-अ लागू नाही. तिथे जिंकून विमानाने परत यायचं, त्या निकालाच्या आधारावर इथे नव्याने दावा लावायचा, आणि पहिल्याच तारखेला प्रतिवादीचे वकील उठून या न्यायालयाला अधिकारक्षेत्र नाही अशी हरकत घेतील, ती ऐकून घ्यायची. तेव्हा पास झाल्यावर वही रद्दीत देऊ नये.